कामगारांच्या मुलांची समुद्रसफर



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी हा विषय सांगितला. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. "तुम्ही बोनसवर बोलता, ठेकेदारीवर बोलता, यंदा एकदम मासे?" असे ते म्हणाले. मी म्हटले, होय, यंदा मासे. पण माशांपासून निघून मी ठेकेदारीवर पोहोचणार नाही, अशी हमी मी त्यांना दिलेली नाही, आणि आपल्यालाही देत नाही.

मी काही शिकलेला माणूस नव्हे. माण तालुक्यातल्या एका गावातून दहावी होऊन मी भोसरीत हेल्पर म्हणून लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, महापालिकेच्या वाचनालयात आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या खुर्च्यांवर बसून झाले. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. तिच्यासारख्या मालांचे माझ्यासारख्यांवर किती उपकार आहेत, ते मोजता येणार नाहीत. त्या मागच्या खुर्चीवरून आज मी पुढे आलो आहे, तेव्हा चूकभूल सांभाळून घ्यावी.

मी दुष्काळी मुलखातला. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. समुद्र मी प्रथम पाहिला तो एकतिसाव्या वर्षी, आणि तोही मोर्चामुळे. आझाद मैदानावर सभा होती. सभा संपल्यावर आम्ही पाचसहा जण चौपाटीवर गेलो. पुष्कळ वेळ कोणी काही बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "आपल्या पोरांना हे दाखवलं पाहिजे राव." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, रात्रीच्या गाडीने परत आलो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हजर झालो. पोरांना समुद्र दाखवायचे राहून गेले. माझ्याकडून ते पंचवीस वर्षे राहून गेले.

सुट्टी ही वस्तू आपल्याला कोणी ताटात वाढलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. गिरण्यांत तेव्हा साप्ताहिक सुट्टी नव्हती. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामकऱ्याला देवाला जाऊ द्या, असे त्यांचे म्हणणे होते. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामकऱ्यांची सभा झाली. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी सुरू झाली. आपल्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. वार बदलला, पण दिवस तोच. तो लोखंड्यांचा दिवस आहे.

ही झाली आठवड्याची सुट्टी. भरपगारी रजेची गोष्ट निराळी. १९३६ साली फ्रान्समध्ये मोठा संप झाला आणि तिथल्या कायद्याने कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा दिली. त्यांच्या सरकारने रेल्वेचे भाडेही कमी केले. त्या उन्हाळ्यात हजारो कामगार कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. अट अशी, की वर्षात २४० दिवस भरले पाहिजेत. आणि चाकणच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, कंत्राटी पोराला किती महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो? तो सहा नाहीतर सात म्हणेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे. आता ब्रेक पाच महिन्यांवर येतो की काय, हे आपल्याला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

असो. मी सहलीवर बोलायला उभा आहे.

आमच्या सभासदांची काही मुले आयटीआयमध्ये आणि डिप्लोमाला आहेत. त्यांपैकी बावीस जणांनी, चौदा मुलगे आणि आठ मुलींनी, वर्षभर दरमहा थोडे थोडे पैसे जमवले. त्यांना हिवाळ्याच्या सुट्टीत मालवणला जायचे होते. चार दिवसांत बेटे पाहायची, नळी तोंडात धरून समुद्रात डोके घालायचे, ज्याला ते 'स्नॉर्कलिंग' म्हणतात, आणि डॉल्फिन पाहायचे. त्यांच्याबरोबर एक शिक्षक, एक शिक्षिका आणि वडीलधारा म्हणून मी, असे ठरले. मुलांपैकी पोहता येणारे किती, असे मी विचारले. बाविसांत पाच हात वर आले.

आयांना पटवणे सर्वांत कठीण गेले. त्यांचे भय उगाच नव्हते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच वायरीच्या समुद्रात बेळगावचे आठ जण गेले. ही नावे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहेत. एक बाई चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ठेकेदाराकडे काम करतात. त्यांनी एवढेच विचारले, "दादा, पोरगी परत आणाल ना?" मी आयुष्यात मालकांशी पुष्कळ वाटाघाटी केल्या, पण इतक्या कमी शब्दांत मला कोणी बांधून घेतलेले नाही.

वल्लभनगरच्या स्थानकावरून आम्ही रातराणीने निघालो आणि सकाळी मालवणला उतरलो.

सिंधुदुर्ग किल्ला आपण चित्रात पाहिलेला असतो. पण तो बेटावर आहे म्हणजे काय, हे होडीत बसल्यावर कळते. महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत हाही आहे. मुलांना तटाचे नवल वाटले. मला नवल वाटले ते विहिरींचे. चारी बाजूंना खारे पाणी आणि मधोमध दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी. माणदेशी माणसाने तिथे हात जोडले तर हसू नये. किल्ल्याजवळ पद्मगड म्हणून लहानसे बेट आहे. ओहोटीला वाळू उघडी पडते आणि तिथे चालत जाता येते. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. समुद्राचे वेळापत्रक आपल्या पाळीच्या भोंग्यासारखेच असते, फक्त तो भोंगा ऐकू येत नाही, एवढाच फरक.

आता मुख्य प्रसंग सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरायचे होते. हंगाम गर्दीचा होता. एका मध्यस्थाकडे आम्ही आगाऊ रक्कम दिलेली होती. होडी आली. आम्ही शिक्षकांसह पंचवीस, आणि होडीत अंगरख्यासारखी घालायची तरंगती जाकिटे सतरा. मी मोजली. पुन्हा मोजली. मध्यस्थ म्हणाला, "काका, पोहणाऱ्यांना कशाला हवीत? आणि बाकीच्यांनी फोटोपुरती घातली तरी चालतं." मी म्हटले, दोन खेपा करा. तो म्हणाला, वेळ नाही, दुसरी पार्टी उभी आहे. येत नसाल तर पैसे परत मिळणार नाहीत. याच किनाऱ्यावर, तारकर्लीला, २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची होडी उलटून दोघे जण गेले होते. मी म्हटले, आम्ही येत नाही.

मुले माझ्यावर संतापली. वर्षभर जमवलेले पैसे होते. एक मुलगा सर्वांसमक्ष म्हणाला, "काका घाबरले." मी घाबरलोच होतो. पण का घाबरलो, हे सांगायला मला त्या वाळूवर बसावे लागले. जे त्यांना सांगितले तेच आपल्याला सांगतो. गेली तीस वर्षे ते मी कुठल्याही व्यासपीठावरून बोललेलो नाही.

१९९४ साली मी एका प्रेस शॉपमध्ये होतो. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते. त्यामुळे हात आत राहत नाहीत. पण त्याने वेळ जातो आणि आकडा भरत नाही. म्हणून आम्ही एक बटण चिकटपट्टीने दाबून बांधून टाकायचो. सुपरवायझर पाहून न पाहिल्यासारखे करायचा. माझ्या शेजारच्या प्रेसवर एक नवा पोरगा आला, मराठवाड्यातला, एकोणीस वर्षांचा. त्याचा आकडा भरेना. ती युक्ती त्याला मी शिकवली. तिसऱ्या आठवड्यात त्याची दोन बोटे गेली. चौकशीत विचारले, तेव्हा मी गप्प बसलो. तो गावी गेला. मी पुढे युनियनमध्ये आलो, भाषणे केली, मालकांची बेपर्वाई चव्हाट्यावर मांडली. ती बेपर्वाई खरीच होती. पण ती चिकटपट्टी माझ्या हातची होती, हेही खरेच होते.

सतरा जाकिटे पाहिली, तेव्हा मला ती चिकटपट्टी दिसली.

मुले काही बोलली नाहीत. घाबरले म्हणणारा मुलगा उठला आणि दुसरी होडी पाहायला निघाला. तासाभराने एक म्हातारे तांडेल मिळाले. त्यांची होडी लहान होती. ते म्हणाले, तीन खेपा करीन, पण दुपारचा वारा सुटायच्या आत. पोहता येणाऱ्या पाच जणांनाही त्यांनी जाकिटे घालायला लावली. एक जण कुरकुरला तेव्हा म्हणाले, "दर्याक वळख नसता, बाबा." समुद्राला कोणाची ओळख नसते. सुरक्षिततेवरची मोठमोठी पत्रके मी छापून घेतली आहेत, पण हे वाक्य एकाही पत्रकात नव्हते.

आता पाण्याखाली काय आहे ते सांगतो. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, पोट पाण्यावर आणि तोंड पाण्यात. पहिल्यांदा श्वास कोंडतो. मग माणूस नळीतून हळूहळू श्वास घ्यायला शिकतो आणि भीती उतरते. खाली हाताच्या अंतरावर पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे थव्याने जातात. खडकावर खडकासारखेच दिसणारे काही असते. ते खडक नव्हे, ते प्रवाळ. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, चुन्याचे घर बांधतात आणि त्या घरावर पुढची पिढी आपले घर बांधते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते, प्रवाळ त्याला आसरा देतो. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तसाच फार दिवस राहिला तर उपाशी मरतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जिथे वाघ आहे, तिथेच हा प्रवाळही आहे. वाघाच्या पाठीवर पाय देऊन कोणी फोटो काढणार नाही. प्रवाळावर मात्र माणसे सर्रास उभी राहतात.

आमच्या पोरांनी पाय दिला नाही, असे मी म्हणत नाही. पहिल्या खेपेत दोघांनी दिला. होडीवरच्या वाटाड्याने त्यांना बाहेर काढून समजावले. तो त्यांच्याच वयाचा होता, वीसएक वर्षांचा. बाकीच्या होड्यांवर पाव कुस्करून टाकत होते, म्हणजे मासे जमतात आणि गिऱ्हाईक खूष होते. त्याने पाव टाकला नाही. तो म्हणाला, पावाला सोकावलेले मासे आपले रोजचे खाणे सोडतात, खडकावरचे शेवाळ मग कोण खाणार? हे सगळे तो प्रशिक्षणात शिकला होता. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची पाणबुडीच्या खेळाची संस्था आहे.

दुपारी मी त्याच्याशी बोलत बसलो, कारण आमची खोड जात नाही. गर्दीच्या दिवशी तो आठदहा वेळा पाण्यात उतरतो. संध्याकाळी कान दुखतात. कागदावर त्याची नेमणूक नाही, विमा नाही. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा पगार बंद. मच्छीमारी जून-जुलैत बंद असते, म्हणून त्या दिवसांत बापाचीही कमाई नाही. मी त्याला म्हटले, "म्हणजे तुलाही ब्रेक आहे." त्याला तो शब्द समजला नाही. आमच्या पोरांना बरोबर समजला. आपण मौज करायला जिथे जातो, ते कोणाच्या तरी कामाचे ठिकाण असते, ही गोष्ट त्या दिवशी आम्हा सर्वांना कळली. ती मला पन्नाशी उलटल्यावर कळली, त्यांना अठराव्या वर्षी. एवढ्यासाठी सहल काढावी.

तिसऱ्या दिवशी निवतीच्या बाजूला डॉल्फिन पाहिले. या किनाऱ्याचे डॉल्फिन पाठीवर कुबड असलेले, उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी राहणारे. एक मोठा आणि त्याच्या कुशीला एक पिल्लू, असे दोन वर आले, श्वास सोडल्याचा फुस्स आवाज झाला आणि ते परत खाली गेले. शेजारच्या तीनचार होड्या इंजिन वाढवून त्यांच्या मागे धावल्या. आमच्या तांडेलांनी इंजिन बंद केले. पोरे म्हणाली, "आजोबा, जवळ चला ना." ते म्हणाले, मागे लागलो तर ते जातील, बसून राहिलो तर कदाचित येतील. आम्ही पंधरा मिनिटे बसलो. ते आले नाहीत. मला हे मुद्दाम सांगायचे आहे, कारण अशा गोष्टींत शेवटी डॉल्फिन येतोच. आमचा आला नाही. पोरांनी रिकाम्या पाण्याकडे पंधरा मिनिटे गप्प बसून पाहिले, हे मात्र मी पहिल्यांदाच पाहिले.

शेवटच्या पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने जाळे अर्धगोलात टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नाससाठ माणसांनी ओढायचे. आमच्या पोरांनीही दोराला हात लावला. मासळी फार नव्हती. वाटे पडले. ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याला वाटा. आमच्या पोरांपुढेही मूठभर तारली ठेवली. पोरे नको नको म्हणाली, तेव्हा एक म्हातारी रागावली. हात लावला म्हणजे वाटा घ्यायचा, हा तिथला नियम आहे. बंधूंनो, नफ्यातला वाटा या विषयावर मी निदान दोनशे सभा घेतल्या असतील.

त्याच म्हातारीकडून मी दुसरी बाजूही ऐकली. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८. मच्छीमारांचा त्याला पहिल्यापासून विरोध राहिला. कारण सोपे आहे. ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यांना आधी विश्वासात घेतले नाही. प्रवाळ वाचला पाहिजे, यात मला शंका नाही. तो मेला तर माशांची पैदास जाईल आणि रापणही रिकामी येईल. पण कामगाराला न विचारता केलेली सुधारणा कारखान्यात टिकत नाही, ती समुद्रात तरी कशी टिकेल? ज्या तांडेलाने इंजिन बंद केले, ज्या पोराने पाव टाकला नाही, तेच खरे राखणदार आहेत. त्यांना त्याचा मोबदला द्या.

आता समारोप करतो. आम्ही परत आलो. सगळे बावीस परत आले. पहाटे पाचला वल्लभनगरला ती कँटीनमधली माउली उभी होती. सातला तिची पाळी होती. तिने मुलीला जवळ घेतले नाही, काही नाही; पिशवी हातात घेतली आणि विचारले, "काय काय बघितलंस?" मुलगी म्हणाली, "आई, तू चल पुढच्या वेळी." ती म्हणाली, "मला कुठली रजा?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. आपल्या सर्वांजवळ मिळून कदाचित असेल. म्हणून तीन गोष्टी मागतो. आपल्या महापालिकेचे जलतरण तलाव आहेत. कामगार वस्तीतल्या प्रत्येक मुलामुलीला तिथे पोहायला शिकवण्याची व्यवस्था करा. बाविसांत पाच, हा आकडा आपल्याला शोभत नाही. दुसरी गोष्ट, आपण सहलीला जाल तेव्हा जाकिटे मोजा. कमी असतील तर पैसे बुडवा, माणूस बुडवू नका. आणि तिसरी, कंत्राटी कामगाराच्या भरपगारी रजेची मागणी ही चैनीची मागणी समजू नका. लोखंड्यांनी देवाला जाण्यासाठी एक दिवस मागितला होता. या बाईला समुद्राला जाण्यासाठी चार दिवस हवे आहेत. १३५ वर्षांत मागणी फार वाढली, असे मला वाटत नाही.

ज्यांना रजा मिळत नाही त्यांच्या वतीने एवढे बोलून मी आपली रजा घेतो.